रहिवासी, नागरिक आणि मतदार: चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमाभागातून मताधिकाराचा आढावा

नागरिक नसलेल्या व्यक्तींना निवडणुकीत मतदानाचा हक्क द्यावा की नाही, हा प्रश्न भारतात बहुतेक वेळा घुसखोरीच्या आरोपाबरोबर चर्चेत येतो आणि त्या आरोपाबरोबरच विरून जातो. त्यामुळे मताधिकाराच्या मुळाशी असलेल्या तीन गोष्टी, म्हणजे देशाचे नागरिकत्व, एखाद्या ठिकाणचे वास्तव्य आणि मतदार यादीतील नोंद, परस्परांपासून किती वेगळ्या आहेत याचा विचार क्वचितच होतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत मात्र या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या पाहायला मिळतात. कोरपना तालुक्याला लागून असलेल्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेवर, दोन राज्यांच्या याद्यांत नावे असलेली गावे आहेत. गडचांदूर, आवारपूर, नारंडा, उपरवाही येथील सिमेंट कारखान्यांच्या आसपास वर्षानुवर्षे राहूनही इथल्या यादीत न आलेले परप्रांतीय कामगार आहेत. आणि पूर्वेला चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत एके काळी पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे आहेत, ज्यांच्या बाबतीत नागरिकत्वाचा कागद हाच पुढच्या सगळ्या हक्कांचा दरवाजा ठरला. या पट्ट्यातून पाहिले असता प्रश्नाची मांडणीच बदलते, असे प्रस्तुत आढाव्याचे म्हणणे आहे.

आधी कायद्याची चौकट पाहणे आवश्यक आहे. संविधानाचे अनुच्छेद ३२६ लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराने होतील असे सांगते आणि तो अधिकार भारताच्या नागरिकालाच देते. वयाची अट मूळ २१ वर्षांची होती, ती ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये १८ वर आली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १६ नुसार जो भारताचा नागरिक नाही त्याचे नाव यादीत नोंदवता येत नाही, आणि कलम १९ नुसार ज्याचे नाव नोंदवायचे तो त्या मतदारसंघातला ‘सामान्य रहिवासी’ असावा लागतो. सामान्य रहिवासी म्हणजे जो तिथे नेहमीचा राहतो तो; केवळ त्या गावात घर किंवा शेत मालकीचे आहे एवढ्याने कोणी सामान्य रहिवासी ठरत नाही, आणि काही काळ गावाबाहेर गेल्याने तो हक्क संपतही नाही. म्हणजे मतदार होण्यासाठी दोन दारे ओलांडावी लागतात, एक देशाचे आणि दुसरे गावाचे. सार्वजनिक चर्चा पहिल्याच दाराशी अडून राहते, परंतु सामान्य माणसाची अडवणूक दुसऱ्या दाराशी अधिक होते, हे पुढील विवेचनातून दिसेल.

नागरिकत्व आधी आणि मत नंतर, हा क्रम स्वाभाविक वाटत असला तरी भारतीय प्रजासत्ताकाचा जन्म त्या क्रमाने झालेला नाही. १९४८ मध्ये संविधान सभेच्या सचिवालयाने पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी प्रौढ मताधिकारावर आधारित याद्या तयार करण्याचे काम प्रांतांकडे सोपवले, तेव्हा नागरिक कोण हे ठरवणारे अनुच्छेद अजून मंजूरही झाले नव्हते. ते २६ नोव्हेंबर १९४९ रोजी अमलात आले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र उभा राहिला, आणि आपण ज्या गावात किंवा शहरात आहोत तिथे कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे, एवढ्या घोषणेवर त्यांची नावे नोंदवावीत असा निर्णय झाला. अभ्यासक ऑर्निट शनी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रक्रियेचा तपशील मांडला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे जी साक्ष दिली, तिच्यातही प्रतिनिधित्वाचा हक्क हा नागरिकत्व घडवणाऱ्या हक्कांपैकी अत्यंत महत्त्वाचा हक्क म्हणून मांडलेला आहे. हक्क मिळाल्यावरच माणूस नागरिक म्हणून उभा राहतो, हा विचार या देशात नवा नाही आणि बाहेरून आलेलाही नाही.

कोरपना परिसराचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. आजचे राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके मिळून होणारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि वर्धा नदी ही संस्थान व ब्रिटिश मुलूख यांच्यामधली हद्द होती. १९३७ मध्ये नदीच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, बाजूच्या काही लोकांनी, मालमत्ता व शिक्षणाच्या अटींत बसल्यामुळे, मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळासाठी मतदान केले; नदीच्या राजुरा बाजूला जबाबदार विधिमंडळच नव्हते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले, १९५२ मध्ये या भागाने हैदराबाद राज्याच्या विधानसभेसाठी मत दिले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला. एकाच माणसाने आपले शेत न सोडता पंधरा वर्षांच्या आत निजामाची प्रजा, हैदराबाद राज्याचा मतदार, नांदेडचा मतदार आणि चांद्याचा मतदार असा प्रवास केला. माणूस जागचा हलला नाही, हद्दी हलल्या. मताधिकाराचा विचार करताना हद्द अढळ आणि माणूस फिरता असे गृहीत धरले जाते, ते येथे तरी खरे नाही.

त्या हद्दीचा न सुटलेला गुंता म्हणजे जिवती तालुक्यातील सीमेवरची १४ गावे होत. परमडोली, कोटा, शंकरलोधी, लेंडीजाळा, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर, पळसगुडा, भोलापठार ही त्यांपैकी काही नावे. महाराष्ट्राच्या दप्तरी ही गावे जिवती तालुक्यात, म्हणून राजुरा विधानसभा आणि चंद्रपूर लोकसभा मतदारसंघांत आहेत. तेलंगणाच्या दप्तरी तीच गावे आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात, म्हणून आसिफाबाद विधानसभा आणि आदिलाबाद लोकसभा मतदारसंघांत आहेत. परिणामी एकाच घरात दोन रेशनकार्डे, दोन मतदान कार्डे, एकाच गावाला दोन सरपंच, आणि एका बाजूला मराठी तर दुसऱ्या बाजूला तेलुगू माध्यमाची शाळा अशी स्थिती आहे. महाराजगुड्यात तर एका घराच्या मधूनच राज्यांची सीमा जाते; त्या घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात मोडतात आणि घरमालक कर दोन्हीकडे भरतो. येथील बरीचशी वस्ती १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून आलेल्या बंजारा आणि दलित कुटुंबांची आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये मोडतो, तर तेलंगणात तोच समाज लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, त्यामुळे कोणत्या राज्याचा रहिवासी म्हणवून घ्यावे याला शाळा-कॉलेजातल्या प्रवेशापासून नोकरीपर्यंतचे अर्थ आहेत.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूर आणि आदिलाबाद या दोन्ही ठिकाणी ११ एप्रिल या एकाच दिवशी मतदान झाले. २०२४ मध्ये मात्र चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मे रोजी होते. विधानसभेच्या निवडणुका तर तेलंगणात ३० नोव्हेंबर २०२३ ला आणि महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे जवळपास वर्षाच्या अंतराने झाल्या. तारखा वेगळ्या पडल्या की दोन्हीकडे मतदान होते, हे या भागात उघड गुपित आहे. कायदा स्पष्ट आहे: १९५० च्या अधिनियमाचे कलम १७ एकापेक्षा अधिक मतदारसंघांच्या यादीत नाव ठेवू देत नाही, आणि १९५१ च्या अधिनियमाचे कलम ६२ सांगते की एकाच सार्वत्रिक निवडणुकीत एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिल्यास दोन्हीकडची मते बाद ठरतात. असे असूनही दोन्ही राज्यांचे प्रशासन आपापली मतदान केंद्रे उभारते, आपापले बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, यादी घेऊन त्याच घरांच्या दारांत पाठवते, आणि दोष मात्र गावकऱ्यांच्या माथी मारला जातो. ज्या कुटुंबाला जमिनीचा पट्टा एकाही राज्याने दिलेला नाही, त्याने दोन्ही राज्यांकडे आपले अस्तित्व नोंदवून ठेवणे ही फसवणूक नसून स्वसंरक्षण आहे, असे म्हणणे भाग आहे. नियम मोडला जातो हे खरे. पण तो मोडला जावा अशी परिस्थिती ज्यांनी निर्माण केली, त्यांनी आधी सीमेचा निकाल लावायला हवा. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूल मंत्र्यांनी ही गावे महाराष्ट्रातच राहतील आणि येथील रहिवाशांना त्यानुसार हक्क मिळतील अशा आशयाची घोषणा केली, तिच्यामुळे हा विषय पुन्हा ऐरणीवर आला.

भारतात नागरिकत्व एकेरी आहे. राज्याचे असे वेगळे नागरिकत्व नाही. म्हणून अंतापूरचा माणूस तेलंगणाला परका नाही आणि महाराष्ट्रालाही नाही, त्याचे मत कुठे पडावे हे फक्त वास्तव्याने ठरते. याच्या अगदी उलट स्थिती जम्मूत दीर्घकाळ होती. १९४७ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून जम्मू भागात आलेली कुटुंबे भारताची नागरिक होती आणि लोकसभेसाठी मतही देत होती, परंतु राज्याच्या ‘कायम रहिवासी’ या व्याख्येत बसत नसल्यामुळे विधानसभेचे किंवा पंचायतीचे मत त्यांना नव्हते. ते ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरच्या घटनात्मक दर्जात झालेल्या बदलांनंतरच मिळाले. नागरिकत्व असून गावाचे मत नाही, हे सात दशके या देशाने चालवून घेतले, ही गोष्ट नागरिकत्व हाच मताधिकाराचा एकमेव आधार आहे असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

सिमेंट कारखान्यांतील व खाणींतील कंत्राटी कामगारांचा मुद्दा थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा येथून आलेले हे कामगार नागरिक आहेत, नमुना ६ भरून ते इथे मतदार होऊ शकतात, परंतु ठेकेदार बदलला की खोली बदलते, भाडेकरार नसतो, आणि गावाकडचे नाव कापले जाईल ही धास्ती असते. गडचांदूरच्या धुळीचा, पाण्याचा आणि अवजड वाहतुकीचा त्रास ते स्थानिकांइतकाच सोसतात, आणि त्याबद्दल बोलण्याचे मत त्यांच्या गावी पडून राहते.

पूर्वेकडच्या बंगाली वसाहतींची कहाणी मात्र थेट नागरिकत्वाची आहे. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात झालेल्या हिंसाचारानंतर जी कुटुंबे सीमा ओलांडून आली, त्यांतील मोठ्या संख्येला रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवण्यात आले आणि तेथून त्यांना मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात विखरून वसवण्यात आले. १९५८ मध्ये सुरू झालेला दंडकारण्य प्रकल्प बस्तर आणि कोरापुटपुरता होता; तत्कालीन चांदा जिल्ह्यात त्याच धर्तीवर वेगळी योजना राबवली गेली, आणि आजच्या चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशा नावांची गावे उभी राहिली. चंद्रपूर शहरातला ‘बंगाली कॅम्प’ हा भाग त्याच काळाची खूण आहे. यांतील बहुसंख्य कुटुंबे नामशूद्र समाजाची. बंगालमध्ये अनुसूचित जातीत असलेल्या या समाजाला महाराष्ट्रात तो दर्जा नाही, आणि ती मागणी दीर्घकाळ प्रलंबित आहे.

ही कुटुंबे आली तेव्हा नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ५ नुसार, जिचे आईवडील किंवा आजीआजोबा अविभाजित भारतात जन्मले अशी भारतीय वंशाची व्यक्ती सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करून नागरिक होऊ शकत होती. पुढे १९८६ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली, २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षांची, आणि त्याच दुरुस्तीने ‘बेकायदेशीर स्थलांतरित’, म्हणजे वैध कागदांविना आलेल्या किंवा मुदत संपल्यावर राहिलेल्या व्यक्तीला, नोंदणीचे दारच बंद केले. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचेही तसेच झाले: १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला नागरिक, त्यानंतर जन्मलेल्याला आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक, आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याला एक नागरिक व दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसणे आवश्यक. एकाच ओसरीवर बसलेल्या आजोबा, मुलगा आणि नातू यांना तीन वेगळ्या कसोट्या लागतात. १९६४ मध्ये आलेल्यांना तुलनेने सहज मिळालेला हक्क १९७१ नंतर, नातेवाइकांच्या आधाराने, त्याच गावांत येऊन राहिलेल्यांना मिळाला नाही, जरी भाषा, शेती, मासेमारी आणि हलाखी यांत दोघांत काहीच अंतर नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने, जिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी वाट पुन्हा उघडली. ती धर्मावर आधारलेली असल्याने तिच्याबद्दल गंभीर घटनात्मक आक्षेप आहेत, आणि समान परिस्थितीतल्या माणसाला धर्मामुळे वेगळा न्याय लावणे योग्य ठरत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

विदर्भातच गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ १९७२ मध्ये वसलेली नोरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये आदेश दिला की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटी व्यक्ती जन्मानेच नागरिक असल्याने त्यांची नावे यादीत घ्यावीत. तरीही देशभरातील अनेक तिबेटींनी नाव नोंदवण्याचे टाळले, कारण भारतीय मतदार झाल्यास निर्वासित म्हणून असलेली ओळख आणि तिबेटच्या प्रश्नाशी असलेले नाते सैल होईल अशी त्यांची भावना होती. दिलेला हक्कही कधी माणूस नको म्हणतो, आणि त्याचे कारण त्याच्या दृष्टीने पुरेसे असते.

जगाकडे पाहिल्यास नागरिकेतरांना मत देणे ही कल्पना वाटते तितकी विलक्षण नाही. न्यूझीलंडमध्ये १९७५ पासून कायम वास्तव्याची परवानगी असलेले परदेशी संसदेच्या निवडणुकीतही मत देतात; चिली आणि उरुग्वे येथेही ठरावीक वर्षांच्या वास्तव्यानंतर हा हक्क आहे. स्वीडनने १९७६ पासून, डेन्मार्कने १९८१ पासून आणि नेदरलँड्सने १९८५ पासून तो स्थानिक निवडणुकांपुरता दिला. जर्मनीत मात्र १९९० मध्ये घटना न्यायालयाने हॅम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्यांनी केलेले असे कायदे रद्द केले, कारण सत्तेचा उगम जिच्यातून होतो ती ‘जनता’ म्हणजे नागरिकांचा समूह, असा अर्थ न्यायालयाने लावला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अनेक राज्यांत नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेले परदेशी मत देत असत. ही प्रथा १९२० च्या दशकात संपली. आज तेथे मेरीलँडमधील टाकोमा पार्कसारख्या काही गावांत नागरिकेतरांना स्थानिक मत आहे, तर न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये केलेला कायदा त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरवला.

महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या कुटुंबांना हा भेद रोज जाणवतो. ब्रिटनमध्ये राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना वास्तव्याच्या अटीवर सर्व निवडणुकांत मत असल्यामुळे लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणारे मराठी दांपत्य भारतीय पासपोर्टवरच तेथील खासदार निवडू शकते. मॉरिशसच्या संविधानातही दोन वर्षांच्या वास्तव्यानंतर राष्ट्रकुल नागरिकाला मत आहे. न्यू जर्सीत मात्र त्याच दांपत्याला ग्रीनकार्डसाठी कित्येक वर्षे थांबावे लागते, कारण एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही, आणि ते मिळाल्यावरही नागरिक होईपर्यंत कर भरूनही शाळा मंडळाच्या निवडणुकीत त्यांना आवाज नसतो. इकडे भारतात त्यांचे मत १९५० च्या अधिनियमाच्या कलम २० अ नुसार, २०११ पासून, शिल्लक असते, पण ते गावी प्रत्यक्ष येऊन द्यावे लागते. २०२४ मध्ये सुमारे १.१९ लाख अनिवासी मतदार नोंदलेले होते आणि त्यांतील तीन हजारांहूनही कमी जणांनी मतदान केले. लेस्टरमध्ये आपल्याला मत असणे हे न्याय्य वाटणाऱ्या माणसाने मुलचेऱ्यातल्या शेतकऱ्याच्या मताला मात्र धोका म्हणावे, ही विसंगती मराठी समाजाने स्वतःशी तपासून पाहण्यासारखी आहे.

या विषयावरील तात्त्विक चर्चेत दोन मते ठळक दिसतात. मायकेल वॉल्झर यांनी १९८३ मध्ये मांडले की एखाद्या समाजात कायमचे राबणाऱ्या आणि त्याचे कायदे पाळणाऱ्या माणसांना सदस्यत्वाची वाट न देणे हे एका गटाने दुसऱ्यावर केलेले जुलमी राज्य ठरते. त्यांचा भर परक्याला मत देण्यापेक्षा त्याला नागरिक करून घेण्यावर आहे. रायनर बाउबॉक यांच्या मते मात्र राज्यसंस्थेचे स्तर वेगळे आहेत: राष्ट्राचे सदस्यत्व जन्म व वंश यांतून, तर गावाचे व शहराचे सदस्यत्व वास्तव्यातून यावे. विरोधी बाजूचा युक्तिवादही हलका नाही. ज्याच्यावर निर्णयाचे परिणाम कायमचे व्हायचे आहेत, ज्याला संकटात दुसरीकडे परतण्याची सोय नाही, त्यानेच देशाचे युद्ध, करार आणि संविधान यांबद्दल ठरवावे, ही भूमिका लोकशाहीच्या विरोधात जात नाही. शिवाय नागरिकत्वापासून मत वेगळे काढले तर नागरिकत्व देण्याची राज्याची जबाबदारीच ढिली पडेल, अशीही भीती आहे. संसद आणि विधानसभा यांच्यासाठी ही भूमिका प्रस्तुत आढावा मान्य करतो, परंतु एका अटीवर: जो येथे स्थायिक झाला आहे त्याला ठरावीक, अल्प आणि निश्चित मुदतीत नागरिक होता आले पाहिजे.

गावाच्या पातळीवर उत्तर वेगळे आहे, आणि ते या जंगलपट्ट्यात आधीच लिहिलेले आहे. अनुच्छेद ३२६ केवळ लोकसभा आणि विधानसभा यांच्याबद्दल बोलते. पंचायतीच्या मतदाराने नागरिक असावे असे संविधान त्याच शब्दांत सांगत नाही, राज्याचा पंचायत कायदा विधानसभेचीच यादी वापरतो म्हणून ती अट तिथे येते. पंचायत (अनुसूचित क्षेत्रांपर्यंत विस्तार) अधिनियम, १९९६, ज्याला पेसा म्हणतात, तोही ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेल्या व्यक्ती असे म्हणतो. वनहक्क अधिनियम, २००६ मधील व्याख्या मात्र निराळी आहे: तेथे ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ सदस्यांची सभा. यादीचा उल्लेख नाही, नागरिकत्वाचा नाही. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर करून पाठवणे, बांबू व तेंदूपत्त्याचे नियोजन, जंगलाचे रक्षण हे सारे ती सभा ठरवते. गडचिरोलीतील धानोरा तालुक्याच्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, आणि तेथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. अशा सभेत कोण मतदार आणि कोण नाही हा प्रश्नच गौण होतो, कारण जो जंगलात जातो आणि ज्याच्या चुलीला त्याच जंगलाची लाकडे लागतात, त्याला बोलावेच लागते.

याच ठिकाणी सर्वांत कठीण आक्षेप समोर येतो, आणि तो दिल्लीतल्या भाषणांतून येत नाही, कोलाम आणि गोंड वस्त्यांतून येतो. जिवती-कोरपन्याच्या पठारावर कोलाम ही विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणली जाणारी जमात राहते. बाहेरून आलेल्यांनी, मग ते मराठवाड्याचे नागरिक असोत की पूर्व बंगालचे निर्वासित, रान साफ करून शेती केली, वस्ती वाढवली आणि पाहता पाहता मूळ रहिवासी आपल्याच गावात अल्पसंख्य झाले, ही तक्रार खरी आहे. केवळ वास्तव्यावर मत दिले तर संख्येच्या जोरावर ग्रामसभा बाहेरच्यांच्या हाती जाईल. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने ईशान्येकडील सहाव्या अनुसूचीच्या आदिवासी क्षेत्रांना वगळले, गडचिरोलीसारख्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रांना वगळले नाही, याची नोंद आदिवासी संघटनांनी घेणे स्वाभाविक होते. परंतु हा धोका नागरिकेतरांपेक्षा नागरिकांकडूनच अधिक आला आहे, आणि त्यावरचा उपाय मत काढून घेण्यात नाही. पेसा कायद्याने निम्म्याहून कमी नाहीत इतक्या जागा आणि सर्व अध्यक्षपदे अनुसूचित जमातींसाठी राखली आहेत, आदिवासींच्या जमीन हस्तांतरणावर बंधने आहेत, आणि वनहक्क कायद्याने इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करण्याची अट घातली आहे, जी १९७२ नंतर आलेले पूर्ण करू शकत नाहीत. जमीन आणि सत्ता राखून ठेवावी. रस्ता, पाणी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांबद्दल बोलण्याचा हक्क राखून ठेवण्याचे कारण नाही.

यादी शुद्ध असावी, याबद्दल दुमत नाही, पण शुद्धीकरणाचा रोख कुठे आहे ते पाहावे. कोरपना ज्या राजुरा मतदारसंघात येतो तेथे २०२४ ची विधानसभा निवडणूक ३,०५४ मतांच्या फरकाने ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी तेथे ६,८५० नावे बनावट रीतीने घुसवल्याचा आरोप केला. आयोगाचे म्हणणे असे की ७,७९२ अर्ज आले होते, त्यांपैकी ६,८६१ अपात्र ठरवून फेटाळले गेले आणि राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदवला गेला. कोणाचे म्हणणे बरोबर हा प्रश्न येथे बाजूला ठेवला तरी एवढे दिसते की या तक्रारीचा विषय परदेशी माणूस नाही. संगणकावरून भरलेले अर्ज, खोटे पत्ते आणि तपासणीतली ढिलाई हा आहे. उलट नागरिकत्वाच्या नावाखाली मोहीम निघते तेव्हा पहिला फटका ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, ज्याची शाळा चौथीत सुटली, ज्या बाईचे माहेरचे आणि सासरचे नाव जुळत नाही, अशांना बसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात, मुंबई व दिल्लीतील मतदारांच्या संदर्भात, असे ठरवले की ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याच्या बाजूने गृहीतक असते आणि नोटीस, आधारभूत कागद व म्हणणे मांडण्याची खरी संधी दिल्याशिवाय त्याचे नाव कापता येत नाही. आसाममध्ये १९९७ पासून ‘संशयित मतदार’ अशी खूण लावलेल्या अनेकांच्या वाट्याला ही संधी वेळेवर आली नाही. पुरावा मागणाऱ्याने पुरावा द्यावा, हा साधा नियम जंगलातल्या माणसाला सर्वांत आधी लागू व्हायला हवा.

या साऱ्यातून जे करता येण्याजोगे दिसते त्यासाठी संविधान बदलावे लागत नाही. सीमेवरच्या १४ गावांचा निर्णय दोन्ही राज्यांनी एकाच दिवशी अमलात आणून, ज्याला ज्या बाजूचे कागद टिकवायचे आहेत त्याचे शिक्षण व जातीचे लाभ ठरावीक काळ कायम ठेवून, एकच यादी शिल्लक ठेवता येईल. नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५ मधील नोंदणीची मुदत पुन्हा कमी करता येईल आणि १९७१ नंतर आलेल्या, निदान एक पिढी येथे राबलेल्या कुटुंबांना धर्म न विचारता त्यात सामावून घेता येईल. आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात विधानसभेच्या यादीशिवाय ग्रामसभेसाठी रहिवाशांची वेगळी नोंदवही ठेवण्याची तरतूद करता येईल, जिच्यात पाच वर्षे गावात राहिलेला प्रत्येक प्रौढ असेल: गडचांदूर परिसरातल्या गावांतला कंत्राटी कामगार, मुलचेऱ्यातली कागद नसलेली बंगाली विधवा आणि प्रतापगडची तिबेटी आजीही. अनुसूचित क्षेत्रात ही नोंदवही लागू करण्यापूर्वी त्या त्या गावच्या आदिवासी ग्रामसभेची संमती घ्यावी लागेल, आणि ती न मिळाल्यास तेथे ती लागू होणार नाही; हा अपवाद राज्याच्या सोयीसाठी नसून पेसाच्या मूळ उद्देशाशी सुसंगत आहे.